डॉक्टरी अर्धवट राहिलेला विद्यार्थी

स्टीव्ह बिको म्हटले की लोकांना त्याचा पोलीस कोठडीतला मृत्यू आठवतो. मला मात्र आधी आठवतो तो डॉक्टरी अर्धवट राहिलेला विद्यार्थी. तिसाव्या वर्षी गेलेल्या या माणसाला अहोजाहो करणे मला जमत नाही. तो वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहत असावा असेच वाटते.

जन्म १८ डिसेंबर १९४६ चा, दक्षिण आफ्रिकेतला. बालपण किंग विल्यम्स टाऊनजवळच्या गिन्सबर्ग वस्तीत गेले. वडील लवकर वारले. आईने लोकांकडे घरकाम केले, पुढे इस्पितळात स्वयंपाक केला. १९६६ साली तो डर्बनच्या नाताळ विद्यापीठात वैद्यकीला गेला. गोऱ्यांखेरीज इतरांसाठीच काढलेले ते महाविद्यालय. त्यात आफ्रिकनांबरोबर भारतीय वंशाची मुलेही शिकत. १९६७ च्या विद्यार्थी अधिवेशनात गोऱ्या प्रतिनिधींना विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली, काळ्यांना मिळाली नाही. तेव्हा गोऱ्यांच्या संघटनेतून बाहेर पडून बिको आणि सोबत्यांनी स्वतःची ‘सासो’ उभारली. १९६९ साली तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. ‘काळे’ या शब्दात त्यांनी भारतीयांनाही सामावून घेतले, ही गोष्ट आपण विसरू नये.

सासोची मुले नुसती भाषणे करीत नव्हती. वैद्यकीचे विद्यार्थी सुटीच्या दिवशी डुडुडू, न्यू फार्म अशा वस्त्यांत जाऊन रोगी तपासत. जिथे पाणीच धड नाही तिथे औषध किती पुरणार, हे त्यांना तिथेच कळले असावे. या धावपळीत बिकोचा अभ्यास मागे पडला आणि १९७२ मध्ये महाविद्यालय सुटले. त्याच्या आईला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९७३ मध्ये सरकारने त्याला गावात जखडले. एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलायचे नाही; त्याचे शब्द छापणेही गुन्हा! त्याही स्थितीत १९७५ साली गावाबाहेर झिन्योका येथे ‘झानेम्पिलो’ दवाखाना उभा राहिला. झानेम्पिलो म्हणजे आरोग्य आणणारा. सासोतली त्याची सहकारी डॉ. माम्फेला राम्फेले तिथली पहिली डॉक्टर. बाळंतपणाची सोय होती, खेड्यांत फिरते पथक जाई. स्वतः बिको कुणाची नाडी पाहू शकत नव्हता, पण पैसा आणि माणसे जमवण्यामागे तोच होता.

१८ ऑगस्ट १९७७ ला त्याला रस्त्यात अटक झाली. पोर्ट एलिझाबेथच्या कोठडीत डोक्याला जबर मार बसला. सरकारी डॉक्टरांनी तपासले, पण त्याला इस्पितळात ठेवण्याचा आग्रह धरला नाही. नग्न, बेड्या घातलेल्या अवस्थेत, हजार किलोमीटरहून अधिक अंतर त्याला गाडीतून प्रिटोरियाला नेले. तिथे १२ सप्टेंबरला तो गेला. पुढच्याच महिन्यात त्याच्या संघटनांवर बंदी आली आणि दवाखाना सरकारने ताब्यात घेतला. चौकशीत कुणीच दोषी ठरले नाही. वैद्यक परिषदेनेही हात झटकले, तेव्हा काही डॉक्टर तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९८५ मध्ये त्या दोघा सरकारी डॉक्टरांपैकी एकाचे नाव नोंदणीतून काढले गेले. दुसरा ताकीद घेऊन सुटला.