मात्रेचे माप : पंडित विष्णु नारायण भातखंडे

जमीन गुंठ्यात मोजतात, ऊस टनात मोजतात. बारामतीचा गुंठा आणि इंदापूरचा गुंठा एकच असतो. गाणे मात्रेत मोजतात. पण एक मात्रा किती सेकंदांची, असे विचारले तर मोठा गवईही ठराविक आकडा सांगणार नाही. विलंबित ख्यालात ती लांबते, द्रुत लयीत आखडते. असे सैल माप हाती घेऊन ज्यांनी शेकडो चिजा कागदावर आणल्या, त्या पंडित भातखंडे यांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगत आहे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. लहानपणी बासरी व पुढे सतार ते शिकले. १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली वकिलीची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. काही काळ कराचीत व नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. याच काळात पारशी गायन उत्तेजक मंडळीत धृपद व ख्याल यांचे शिक्षण त्यांनी घेतले. पुढे पत्नी आणि मागोमाग एकुलती एक मुलगीही वारली. मग वकिली सोडून त्यांनी उरलेले आयुष्य संगीताला वाहिले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, नंतर उत्तर हिंदुस्थान पालथा घातला.

त्या काळी चिजा पुस्तकांत नव्हत्या, गळ्यांत होत्या. खाँसाहेब त्या मुलाला किंवा आवडत्या शिष्याला देत. कित्येक चिजा तर उस्तादाबरोबरच मातीत जात. भातखंडे यांनी जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या गुणीजनांकडून त्या मिळवल्या आणि लिहून काढल्या.

लिहायच्या कशा? कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी पूर्ण, अर्ध्या, पाव मात्रेला निरनिराळ्या खुणा दिल्या होत्या. भातखंडे यांनी खुणा कमी केल्या. एका मात्रेत जेवढे स्वर, तेवढे एका कंसात खाली बांधायचे. दोन स्वर असले तर प्रत्येकाला अर्धी मात्रा, चार असले तर पाव. स्वर लांबला तर पुढे आडवी रेघ. समेला गुणिलेची खूण, खालीला शून्य. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार खणांत बसल्या की चीज डोळ्यांपुढे उभी राहते.

तुकोबांची पालखी आपल्या बारामतीवरून इंदापूरकडे जाते. दिंडीत एकच अभंग कधी संथ चालतो, कधी घाईने. पण मात्रांचे एकमेकींशी नाते बदलत नाही. भातखंडे यांनी कागदावर हे नातेच उतरवले. पाश्चात्त्य स्वरलिपीतही पूर्ण, अर्धा, पाव असेच नाते असते; पण १८१५ च्या मेट्रोनोम यंत्रानंतर तेथे मिनिटाला ठोके किती, हेही लिहिता येऊ लागले. तेथील स्वरांची उंचीही ठरलेली असते. भातखंडे यांनी लय आणि षड्ज दोन्ही गाणाऱ्यावर सोपवले. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी चारमध्ये. ‘सा’ एकाच उंचीवर खिळवला असता, तर ते पुस्तक कितीतरी गळ्यांना निरुपयोगी ठरले असते.

कागदावर मींड उतरत नाही, पुस्तकाने गवई होत नाही, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. तो खोटा नाही. म्हणूनच ग्वाल्हेरला १९१८ साली व लखनौला १९२६ साली संगीत विद्यालये निघावीत म्हणून ते झटले. पण ज्याला गुरूच्या दारात शिरताच येत नाही, त्याने काय करावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आधी कोणी शिकलेले नसले म्हणजे छापील पुस्तकाचा केवढा आधार वाटतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मला भातखंडे यांची बाजू अधिक पटते.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिले. चिजा ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत आल्या. १९३३ साली त्यांना अर्धांगवायू झाला आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते मुंबईत निवर्तले. लखनौचे ते विद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

मित्रहो, त्या मालिकेतले एखादे पान उघडा आणि हाताने टाळी देत मात्रा मोजून पाहा. लय कोणतीही घ्या, ‘सा’ कोणताही धरा; मात्र आवर्तन पुरे होईपर्यंत दोन्ही बदलू नका.