सावकारी पाश : शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याचं कर्ज पडद्यावर आणणारा कोल्हापूरचा पेंटर

राधानगरी धरणाचं काम हाती घेणाऱ्या शाहू महाराजांच्या कोल्हापुरातच बाबूराव मिस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर (१८९०-१९५४), घडले.

सुरुवात कशी झाली?
बाबूराव आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. स्वतःचा कॅमेरा बनवायचा, हा दोघांचा ध्यास. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी कॅमेरा पूर्ण केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी.

'सावकारी पाश' वेगळा का?
तेव्हा पडद्यावर देव आणि राजे होते. १९२५ मध्ये बाबूरावांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला. भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. पौराणिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र फारसा प्रतिसाद दिला नाही.

पुढे काय झालं?
१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी बाहेर पडून 'प्रभात' काढली. गुरूंची कंपनी लवकरच बंद पडली आणि बाबूराव चित्र-शिल्पांकडे वळले. तरी हा विषय त्यांनी सोडला नाही. १९३६ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून.