ब्रॅडलासाहेबांची शपथ

एखाद्या पंथास सवलत देणे निराळे आणि मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीस मान देणे निराळे. पहिल्या गोष्टीने काही लोकांची सोय होते. न्याय होतो तो दुसरीनेच. हा भेद ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट कळतो असे एक पुरुष म्हणजे चार्लस ब्रॅडला. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास हजर राहिलेले व पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू मांडणारे मित्र म्हणून आपल्या लोकांस त्यांचे नाव ठाऊक आहे. परंतु त्या पार्लमेंटात पाय ठेवण्यासाठी त्यांस काय सोसावे लागले, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडन शहरी झाला. वडील एका वकिलाकडे कारकून होते. मुलगा चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवीत असे. चर्चचे सिद्धांत व शुभवर्तमाने यांचा मेळ बसेना, म्हणून त्याने पाद्रीसाहेबांकडे खुलासा मागितला. खुलासा मिळाला नाही. नास्तिकपणाचा शिक्का मात्र बसला, आणि कोवळ्या वयातच घर सुटले. पुढे काही वर्षे पलटणीत काढून त्यांनी वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली व तेथेच कायद्याचे उत्तम ज्ञान संपादन केले.

त्या काळी इंग्लंडात ईश्वरास न मानणाऱ्याची साक्ष न्यायालयात ग्राह्य नसे. हुंड्यांच्या एका दाव्यात खुद्द ब्रॅडलासाहेबांचीच साक्ष याच कारणास्तव नाकारण्यात आली. म्हणजे देणे खरे, कागद खरा, तरी धनको नास्तिक ठरला की ऋणकोची सुटका! आमच्या व्यापारी वाचकांस या न्यायाची चव निराळी समजावून सांगावयास नको. १८६९ साली कायदा सुधारला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा अशा लोकांस मिळाली.

१८८० साली नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्यांस पार्लमेंटात निवडून दिले. हे गाव जोडे व बूट करणाऱ्या कारागिरांचे. न्यायालयात चालणारी प्रतिज्ञा येथेही चालावी, अशी ब्रॅडलासाहेबांनी मागणी केली. ती अमान्य झाली. मग ते रीतीप्रमाणे शपथ घेण्यास तयार झाले, तर नास्तिकाच्या शपथेस अर्थ नाही म्हणून तीही घेऊ देईनात! मनात श्रद्धा नसून ओठांनी शपथ पुटपुटणारा दांभिक त्या सभागृहात सुखाने बसू शकला असता. आपले मत उघड सांगणाऱ्यास मात्र दार बंद. सभागृह सोडण्यास नकार दिला म्हणून एकदा त्यांस घड्याळाच्या मनोऱ्यात कैद केले, आणि ३ ऑगस्ट १८८१ रोजी तर पोलिसांकरवी धक्के मारून बाहेर काढले. त्यांची जागा पुनःपुन्हा रिकामी ठरविली गेली, आणि त्या कारागिरांनी १८८१, १८८२, १८८४ व १८८५ साली पुनःपुन्हा त्यांसच निवडले.

विरोध करणारे कोण, हे पाहण्यासारखे आहे. रोमन कॅथलिकांस पार्लमेंटाचे दार १८२९ साली उघडले, क्वेकरांस १८३३ साली, यहुद्यांस १८५८ साली. प्रत्येक पंथास निराळी किल्ली करून दिली. कुलूप मात्र तसेच राहिले. म्हणूनच, ज्यांच्या वाडवडिलांनी तेच कुलूप सोसले होते त्या आयरिश कॅथलिक सभासदांपैकी पुष्कळांनी ब्रॅडलासाहेबांविरुद्ध मते दिली. उलट ग्लॅडस्टनसाहेब स्वतः परम धर्मनिष्ठ. त्यांनी प्रतिज्ञेच्या बिलाचा कैवार घेतला. धर्मश्रद्धा दृढ असली म्हणजे ती दुसऱ्याच्या मताला भीत नाही, हेच यावरून दिसते. १८८३ साली ते बिल अवघ्या तीन मतांनी पडले.

अखेर १८८६ च्या जानेवारीत नव्या सभापतींनी कोणतीही हरकत ऐकून न घेता त्यांस शपथ घेऊ दिली. आत जाताच त्यांनी आपल्यामागून येणाऱ्यांची काळजी वाहिली. १८८८ साली त्यांच्याच प्रयत्नाने कायदा झाला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञेचा हक्क सर्वांस मिळाला. ३० जानेवारी १८९१ रोजी ते वारले. त्याच्या तीनच दिवस आधी पार्लमेंटाने १८८० चा आपला ठराव दप्तरातून काढून टाकला. पण हे त्यांस कळले नाही, कारण ते शुद्धीवर नव्हते. त्यांच्या अंत्यविधीस कायद्याचा एक तरुण हिंदी विद्यार्थी हजर होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

१९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने ईश्वरसाक्ष शपथ व प्रतिज्ञा या दोहोंस समान मान दिला आहे. परंतु कायदा कुलूप काढतो, मनाची कडी ज्याची त्यानेच काढावयाची असते. आपल्या पेठेत, आपल्या वाड्यात, आपल्या संस्थेत परक्या धर्माचा, परक्या जातीचा किंवा कोणताच धर्म न मानणारा गृहस्थ दारी आला म्हणजे आपण त्याची सचोटी पाहतो की त्याचा पंथ विचारतो? आपल्या पंथावर अन्याय झाला असता ओरडणे सोपे आहे. ज्याचे मत आपणास मुळीच रुचत नाही त्याच्यासाठी जो उभा राहतो, त्यासच न्यायाची चाड आहे असे आम्ही समजतो.