मालाडचा जर्मन छायालेखक

‘महल’मधील मधुबाला आणि ‘पाकीजा’मधील मीनाकुमारी या दोन प्रतिमांची ओळख हिंदी चित्रपटाच्या रसिकांना करून द्यावी लागत नाही. या दोन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत छायालेखक म्हणून एकच नाव आहे, आणि ते म्युनिकमध्ये जन्मलेल्या एका जर्मन माणसाचे आहे. जोसेफ विर्शिंग यांनी आयुष्याचा मोठा भाग मुंबईत घालवला आणि येथेच देह ठेवला. तरीही नायक-नायिका आणि संगीतकार यांच्यापुरत्याच मर्यादित राहिलेल्या आपल्या चित्रपटस्मृतीत त्यांना फारशी जागा मिळाली नाही.

विर्शिंग यांचा जन्म १९०३चा. तरुणपणीच ते म्युनिकच्या एमेल्का या चित्रसंस्थेत कॅमेऱ्याचे काम करू लागले. याच संस्थेकडे हिमांशू राय हे बंगाली तरुण गौतम बुद्धाच्या जीवनावरील चित्रपटाची कल्पना घेऊन गेले होते. ठरल्याप्रमाणे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन १९२५ साली आपला छोटा चमू घेऊन भारतात आले. विली कीरमायर यांच्या जोडीने कॅमेरा सांभाळणारे विर्शिंग त्या वेळी जेमतेम बावीस वर्षांचे होते. ‘प्रेमसंन्यास’ हा मूकपट स्टुडिओत नव्हे, तर प्रत्यक्ष स्थळांवर, बव्हंशी सूर्यप्रकाशात चित्रित झाला. जयपूरच्या महाराजांनी हत्ती-घोडे आणि लवाजमा पुरवला. युरोपच्या मवाळ उन्हाची सवय असलेल्या कॅमेऱ्याला राजस्थानच्या उन्हात चेहरे काळवंडू न देता टिपायचे होते. ही उमेदवारी पुढे फार उपयोगी पडली. चित्रपट पूर्ण करून विर्शिंग मायदेशी परतले.

१९३४ साली हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीजची स्थापना केली, तेव्हा त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना पुन्हा बोलावून घेतले. ऑस्टेन दिग्दर्शनाला, कार्ल फॉन श्प्रेती नेपथ्याला, विल्हेल्म त्सोले रसायनशाळेला आणि विर्शिंग कॅमेऱ्याला. ‘जवानी की हवा’ (१९३५) हा पहिला बोलपट. पाठोपाठ ‘जीवननैया’ आणि ‘अछूत कन्या’ (दोन्ही १९३६) आले. रसायनशाळेत काम करणारा अशोककुमार नावाचा तरुण याच सुमारास अनपेक्षितपणे नायक झाला. कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या या नवख्याला आणि सरावलेल्या देविकाराणीला एकाच चौकटीत शोभून दिसेल असा प्रकाश देणे, ही छायालेखकाची परीक्षाच होती.

‘अछूत कन्या’ आज पाहताना कथेचा भाबडेपणा जाणवतो, छायाचित्रणाचा मात्र जाणवत नाही. रेल्वे फाटकावरची रात्र आणि केसांच्या कडेने उतरणाऱ्या प्रकाशामुळे पार्श्वभूमीपासून अलग होणारा देविकाराणीचा चेहरा आठवून पाहावा. विर्शिंग यांनी जर्मन अभिव्यक्तिवाद भारतात आणला, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे वाटते. विकृत कोनांचा आणि भेसूर सावल्यांचा तो संप्रदाय प्रामुख्याने बर्लिनचा होता. म्युनिकच्या एमेल्काचा पिंड लोकरंजनाचा. विर्शिंग यांचे खरे ऋण शिस्तीचे आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आर. डी. परीन्जा यांनीच पुढे ‘किस्मत’ (१९४३) चित्रित केला.

त्या वेळी खुद्द विर्शिंग कोठे होते? १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना शत्रुराष्ट्रीय म्हणून ताब्यात घेतले. ऑस्टेन नाझी पक्षाचे सभासद होते. त्यांना नंतर जर्मनीला जाऊ देण्यात आले. विर्शिंग मात्र युद्ध संपेपर्यंत नजरकैदेच्या छावण्यांतच राहिले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कर्तृत्वाच्या ऐन भरात, हातातला कॅमेरा गेला. मे १९४०मध्ये हिमांशू राय यांचेही निधन झाले. बॉम्बे टॉकीजच्या भरभराटीचा, तसाच तिच्यातील भाऊबंदकीचाही काळ विर्शिंग यांच्या अनुपस्थितीत गेला.

सुटकेनंतर ते उद्ध्वस्त जर्मनीला न जाता मालाडलाच परतले. ‘जिद्दी’ (१९४८) नंतर आला ‘महल’ (१९४९). कमाल अमरोही यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. रिकामी हवेली, भिंतीवरची तसबीर, झुलणारा झोपाळा आणि क्षणभर दिसून नाहीशी होणारी स्त्री एवढ्यावर हा चित्रपट उभा आहे. येथे मात्र काळोख हेच विर्शिंग यांचे मुख्य साधन आहे. जे दाखवायचे त्यापेक्षा जे झाकायचे त्याचा त्यांनी अधिक विचार केला आहे, आणि लता मंगेशकरांचा दुरून जवळ येणारा स्वर त्या अंधाराला पुरा करतो. पुढे अमरोही यांची निर्मिती असलेला ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) हा चित्रपटही त्यांनीच चित्रित केला.

अमरोहींची अखेरची साथ ‘पाकीजा’ची. कृष्णधवल म्हणून आरंभ झालेला हा चित्रपट रंगीत झाला, मग सिनेमास्कोप झाला. साठीला आलेल्या छायालेखकाला नवी भाषा शिकणे भाग पडले. पुढे एक नर्तकी आणि मागे सज्जासज्जांतून नाचणाऱ्या अनेक जणी, अशी पडद्याची सारी रुंदी वापरणारी रचना आजही थक्क करते. त्यात कलादिग्दर्शक एन. बी. कुलकर्णी यांचाही वाटा मोठा आहे. १९६४मध्ये अमरोही आणि मीनाकुमारी विभक्त झाले आणि काम थांबले. ते थांबलेले असतानाच जून १९६७मध्ये विर्शिंग यांचे मुंबईत निधन झाले. १९६९मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू झाले, तेव्हा उरलेला भाग इतर छायालेखकांनी पूर्ण केला. नाव मात्र विर्शिंग यांचेच राहिले. ४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘पाकीजा’ पडद्यावर आला आणि दोन महिन्यांच्या आत मीनाकुमारीही गेल्या.

चित्रीकरणाच्या फावल्या वेळात विर्शिंग लायका कॅमेऱ्याने स्थिरचित्रे घेत असत. त्यांच्या कुटुंबीयांनी जपलेल्या या संग्रहातील निवडक चित्रांचे प्रदर्शन डिसेंबर २०१७मध्ये गोव्याच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात भरले होते. त्यांत दिव्यांच्या स्टँडांमध्ये उभे असलेले कामगार आहेत, दोन दृश्यांच्या मध्ये विसावलेली नटमंडळी आहेत आणि आता ओळखूही येणार नाही असे मालाड आहे.