महेश्वरच्या पुण्यश्लोक अहिल्याबाई

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे उच्चारला, की पाठोपाठ एक नाव आपोआप ओठांवर येते. काशी असो, गया असो, सोरटी सोमनाथ असो की आपले वेरूळचे घृष्णेश्वर असो, पडलेली भिंत उभी करणारा हात कोणाचा, असे विचारले तर गावोगावचे पुजारी त्याच एका बाईंचे नाव सांगतात. आपल्या मंदिराच्या कामासाठी वर्गणीची पुस्तके घेऊन मंडळी दारोदार हिंडत होती, तेव्हाही कितीतरी वडीलधाऱ्यांनी अहिल्याबाईंचा दाखला दिला. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात द्यावे असे ठरले. राजकारणाचा इतिहास सांगणे हा येथे हेतू नाही. नर्मदेकाठच्या एका लहानशा गावात बसून या बाईंनी तीस वर्षे माणसे कशी सांभाळली आणि पैसा कसा खर्च केला, एवढेच पाहायचे आहे.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी येथे झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. ज्या जिल्ह्यात ते येते, त्या अहमदनगरचे नाव 2024 साली बदलून अहिल्यानगर झाले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीस पडला असता त्यांनी देवळात या मुलीला पाहिले आणि सून करून घेण्याचे मनात आणले, अशी आख्यायिका आहे. पुत्र खंडेराव याच्याशी 1733 साली विवाह झाला, तेव्हा मुलगी अवघी आठ वर्षांची होती. पाटलाच्या घरची लेक एका वाढत्या सरदाराच्या घरात आली. मल्हारराव मूळचे धनगर कुळातले, स्वतःच्या तलवारीवर मोठे झालेले. त्यांनी सुनेला चुलीपाशी बसवून ठेवले नाही. लिहिणे-वाचणे, हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची तरतूद ही सारी कामे तिच्या हातून करून घेतली. पुढे तर स्वारीवर असताना तोफखाना व दारूगोळा यांच्या व्यवस्थेविषयी ते सुनेलाच पत्रे पाठवीत.

बाईंना 1745 साली मालेराव हा मुलगा व 1748 साली मुक्ताबाई ही मुलगी झाली. पण संसारसुख फार दिवस लाभले नाही. 1754 साली सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. बाईंना तेव्हा एकोणतिसावे वर्ष चालू होते. त्या सती जाण्यास निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने पदर पसरला आणि आता तूच माझा मुलगा, असे म्हणून त्यांना मागे फिरविले. लोकापवाद सोसून त्या मागे फिरल्या. त्या दिवशी सासऱ्याची विनवणी मोडली असती तर पुढचे काहीच घडले नसते. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सदतीस वर्षांनी तो उलटून त्यांच्याच पुढे उभा राहिला.

पानिपतानंतर पाच वर्षांनी, 1766 साली, आलमपूर मुक्कामी मल्हाररावांनी देह ठेवला. गादी मालेरावास मिळाली. मुलगा हूड, चंचल आणि काही बाबतींत क्रूर होता, हे लपविण्यात अर्थ नाही. वर्ष पुरे होण्याच्या आतच, 1767 साली, तोही वारला. वासरू मारले म्हणून बाईंनी पोटच्या पोराला हत्तीच्या पायी दिले, ही गोष्ट आपल्याकडे कीर्तनांतून ऐकवितात. तिला काडीचाही आधार नाही. मुलगा आजाराने गेला आणि आई उशाशी होती. न्यायाची थोरवी सांगण्यासाठी एका आईच्या माथी असले पाप मारण्याची काही गरज नव्हती.

आता घरात कर्ता पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला, की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि बाईंनी देवधर्म करीत बसावे. त्यांनी राघोबादादांनाही आतून निरोप धाडला. दादा फौज घेऊन माळव्यात उतरले. होळकरांचा खजिना त्यांच्या डोळ्यांपुढे होता. बाईंनी फौज सज्ज केली आणि दादांना कळविले, की बायकांशी लढून जिंकलात तरी कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. दादांनी मग आपण केवळ समाचारास आलो आहोत असे सांगून वेळ निभावून नेली. पुण्याहून थोरल्या माधवरावांनी बाईंचाच पक्ष उचलून धरला. फौजेची सरदारी तुकोजी होळकरांकडे गेली आणि मुलखाचा व खजिन्याचा कारभार बाईंकडे राहिला. तुकोजी वयाने बाईंपेक्षा वडील, तरी ते त्यांना मातोश्री म्हणत.

बाईंनी राहण्यास इंदूर निवडले नाही, महेश्वर निवडले. इंदूर तेव्हा वाढत होते आणि त्या वाढीला बाईंनी हातभारही लावला. पण त्यांचे मन नर्मदेच्या काठी रमले. महेश्वर हे प्राचीन माहिष्मती असे मानतात, तरी बाई आल्या तेव्हा ते वैभव केव्हाच सरले होते. नदीच्या कड्यावरच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी आपला वाडा केला. महेश्वरास गेलेल्या माणसाला हा वाडा पाहून प्रथम चकित व्हायला होते. राजवाडा म्हणावा असा थाट तेथे नाही. आपल्याकडच्या एखाद्या सधन देशमुखाच्या वाड्यासारखा तो आहे, लाकडी खांबांचा, ओसरीचा आणि अंगणाचा. सारा थाट बाहेर, नदीवर आहे. तेथे दगडी घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, देवळांवर नाजूक कोरीव काम आहे आणि बायाबापड्यांना धुणे धुवायला ऐसपैस जागा आहे. घरापेक्षा घाटावर जास्त खर्च करणारा राजा विरळा.

गाव नुसत्या दगडांनी उभे राहत नाही, हे त्या जाणून होत्या. त्यांनी बाहेरगावचे विणकर बोलावून आणले आणि महेश्वरात त्यांना घरे व काम दिले. पाहुण्यांना भेट द्यायला उत्तम वस्त्रे गावातच विणली जावीत, ही कल्पना. त्यातून महेश्वरी लुगडे जन्मास आले. रेशीम-सुताचे, हलके आणि दोन्ही अंगांनी नेसता येईल अशा काठाचे हे लुगडे होय. पुढे संस्थान गेले, राज्य गेले, पण माग राहिले.

बाईंचा दिनक्रम इंग्रज अधिकारी माल्कम याने त्यांच्या मागे चौकशी करून लिहून ठेवला आहे. पहाटे उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, मग आपल्या हाताने दानधर्म व ब्राह्मणभोजन, नंतर स्वतःचे साधे जेवण. थोडी विश्रांती झाली की दुपारी कचेरी सुरू होई, ती सूर्यास्तापर्यंत चाले. सायंपूजा व फराळ आटोपला की रात्री पुन्हा कामकाज. पडदा त्यांनी पाळला नाही. कुणबी असो की सावकार, ज्याला गाऱ्हाणे सांगायचे असेल त्याने समोर येऊन सांगावे. तीस वर्षे हा नेम चालला. सणावारांखेरीज त्यात खंड पडत नसे.

निपुत्रिक सावकार मेला की त्याचे धन सरकारजमा करावे, निदान विधवेस दत्तक घेऊ देण्याबद्दल भारी नजराणा घ्यावा, अशी त्या काळची रीत होती. बाईंच्या एका अंमलदाराने अशा एका विधवेकडे तीन लाखांची मागणी केली. बाईंना कळताच त्यांनी त्या अंमलदारास कामावरून दूर केले, दत्तकास मान्यता दिली आणि मुलाला मांडीवर बसवून वस्त्रे देऊन पाठविले. खरगोणच्या दोन सावकारांच्या विधवांनी तर आपण होऊन सारी संपत्ती बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती घेतली नाही. ती घाटासाठी, देवळासाठी, लोकांच्या उपयोगी पडेल अशा कामी लावा, असे सांगितले. नर्मदेच्या डोंगरपट्ट्यातले भिल्ल वाटसरूंना लुटीत. त्यांच्यातल्या बंडखोरांना बाईंनी कडक शासन केले, पण बाकीच्यांना वाटेवरची भीलकवडी नावाची हक्काची लहान पट्टी घेऊ दिली. त्याबदली त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर भरपाई त्यांच्याच माथी ठेवली. पडीक जमीनही लागवडीस लावून दिली. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी उठाव केला तेव्हा त्यांनी फौज पाठवून तो मोडला, हेही सांगितले पाहिजे. बाई दयाळू होत्या, भोळ्या नव्हत्या.

आता पैशाविषयी. एवढी देवळे, घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे उभी राहिली ती कोणत्या पैशावर? होळकरशाहीत दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. 1734 साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर करून दिली, तिच्यात महेश्वरचाही परगणा होता. गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. फौजेचा आणि राज्याचा खर्च दौलतीतून व्हायचा, धर्मकार्याचा खासगीतून. या दोन पिशव्यांची तोंडे बाईंनी कधी एक होऊ दिली नाहीत. खासगीच्या खजिन्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले होते असे म्हणतात.

मात्र याच गोष्टीवरून त्यांचे आणि तुकोजींचे अखेरपर्यंत खटके उडाले. उत्तरेत फौज अडचणीत असता तुकोजी पैशासाठी तगादा लावीत आणि बाई आधीचा हिशेब मागत. 1793 साली लाखेरीस होळकरांची फौज शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे पार मोडली, तेव्हा देवळांवर खर्चलेला पैसा तोफांवर खर्चला असता तर, असे म्हणणारे निघाले आणि आजही निघतात. आम्हांस हा आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही. पण तुकोजींच्या हाती गेलेला पैसाही तोफांवरच लागला असता, याची हमी कोणी द्यावी? आणि ज्यांच्या तोफा जिंकल्या, त्यांचेही राज्य पुढे फार दिवस स्वतंत्र राहिले नाही.

काशीचे विश्वेश्वराचे देवालय 1669 साली औरंगजेबाच्या हुकुमाने पाडले गेले होते. त्यानंतर शंभरावर वर्षे त्याला कोणी उभे करू शकले नव्हते. मोठमोठ्या सरदारांनी मनसुबे केले आणि ते तसेच राहिले. बाईंनी भांडण न उकरता जुन्या जागेशेजारी जमीन मिळवून 1780 साली देऊळ पुरे केले. गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथास जुन्या भग्न देवळाजवळ नवे देऊळ, काशीस मणिकर्णिकेचा घाट ही आणखी काही कामे. त्यांतली पुष्कळशी त्यांच्या मुलखाबाहेरची, दुसऱ्यांच्या राज्यातली. देऊळ बांधले की बाई तेथे थांबत नसत. नित्य पूजा, नैवेद्य, नंदादीपाचे तेल, पुजाऱ्याचे वेतन यांची नेमणूक त्या लावून देत. दूरदूरच्या देवस्थानांना गंगेच्या कावडी पोचविण्याची सोय त्यांनी केली होती. आपल्या समितीच्या बैठकीत कळसाविषयी तासभर चर्चा झाली आणि रोजच्या तेलवातीचा विषय दहा मिनिटांत आटोपला, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

स्तुती त्यांना खपत नसे. एका ब्राह्मणाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ रचून वाचून दाखविला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नंतर नर्मदेत टाकवला.

उतारवयात दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन उमेदीत वारला. पाठोपाठ 1791 साली यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जे केले, तेच आता बाईंना करायचे होते. त्यांनी लेकीचे पाय धरले, आपल्याला एकटे टाकून जाऊ नकोस म्हणून विनविले. मल्हाररावांची विनवणी सुनेने ऐकली होती, पण आईची विनवणी लेकीने ऐकली नाही. तुझे वय झाले, तू थोड्या दिवसांची सोबतीण, मग मी कोणाच्या आधारावर राहू, असा तिचा विचार होता. नर्मदेच्या काठी चिता पेटली तेव्हा बाईंना दोघा ब्राह्मणांनी धरून ठेवले होते. मग त्यांनी नदीत स्नान केले आणि तीन दिवस अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. त्यानंतर लेक-जावयाच्या स्मरणार्थ वास्तू उभारायला सांगितली आणि पुन्हा कचेरीत येऊन बसल्या.

अशी आणखी चार वर्षे गेली. सासू, सासरे, नवरा, मुलगा, नातू, जावई आणि लेक सगळ्यांच्या मागे त्या राहिल्या. ज्या काळी पन्नाशी गाठणे मोठे मानीत, त्या काळी त्यांना सत्तर वर्षांचे आयुष्य मिळाले. 13 ऑगस्ट 1795 रोजी, श्रावण महिन्यात, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. दहन नर्मदेच्या काठीच झाले. पुढे होळकर घराण्याने त्यांच्या स्मरणार्थ घाटावर अहिल्येश्वराचे देवालय बांधले. वाड्यातले त्यांचे देवघर, बसण्याची साधी गादी आणि रोज काळ्या मातीची शिवलिंगे करून त्यांची पूजा करायची व नर्मदेत विसर्जन करायचे हा नेम, हे सारे महेश्वरकरांनी त्यांच्या मागे जपले.