पन्नाशीतला कर्णधार

आमच्या चाळीसगावातला एखादा मुलगा क्रिकेटमध्ये चमकला, तर त्याची वाट मुंबईच्या नव्हे, महाराष्ट्राच्या संघाकडे जाते. या संघाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला तो संस्कृतच्या एका प्राध्यापकाने! कुणी ‘आता आमचे काय राहिले’ म्हणू लागले, की मला प्रा. दि. ब. देवधर आठवतात.

जन्म १८९२ चा, पुण्याचा. स. प. महाविद्यालयात शिकवायचे आणि मैदानावर खेळायचे, हा त्यांचा संसार. १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या. पण १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा ते चाळिशीत पोहोचले होते. वय आडवे आले. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही.

दुसरा कुणी कुढत बसला असता. देवधरांनी महाराष्ट्राची पोरे हाताशी धरली. त्यांत विजय हजारे होते. १९३९-४० आणि १९४०-४१, लागोपाठ दोन वर्षे करंडक पुण्याला आला. मुंबईने ६५० धावांचा डोंगर रचला, त्याच सामन्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या या कर्णधाराने २४६ धावा काढल्या आणि महाराष्ट्राने ६७५ पर्यंत मजल मारली. पुढे १९४४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके ठोकली.

१९९३ साली, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले. महाराष्ट्राला तो करंडक त्यांच्यानंतर पुन्हा मिळालेला नाही. संधी हुकली म्हणून त्यांनी बॅट खाली ठेवली असती, तर तेव्हाही मिळाला नसता.