गुप्तहेरप्रमुख बहिर्जी नाईक

शहापूर-मुरबाडकडील आमच्या ज्ञातिकुटुंबांस माहुलीचे सुळके नित्य परिचयाचे आहेत. फेब्रुवारी १६७० मध्ये शिवछत्रपतींच्या सैन्याने हा गड घेण्याचा यत्न केला. परंतु मोगल किल्लेदार मनोहरदास गौड सावध असल्याने तो फसला व पुष्कळ मावळे कामी आले. पुढे किल्लेदार बदलला आणि जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. शत्रू सावध की गाफील, या एका वार्तेवर किती घरांचे कुंकू अवलंबून असते, हे येथे दिसते. म्हणून अशी वार्ता आणणाऱ्या पुरुषाचे चरित्र यंदा सादर करीत आहोत.

बहिर्जी नाईक हे महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख होत. कृष्णाजी अनंत सभासदांनी १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत त्यांचा उल्लेख बहिर्जी जाधव नाईक असा येतो. सुरतेची खडान्‌खडा माहिती त्यांनी आणली. तिच्या बळावर जानेवारी १६६४ मध्ये महाराज त्या धनाढ्य बंदरावर अचानक जाऊन ठाकले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला.

१६७९ मध्ये जालन्याहून परतताना मोगल फौजांनी महाराजांस गाठले. सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. त्या बिकट प्रसंगी बहिर्जींनी आडवाटांनी, रात्रंदिवस चालवून, सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. तेथे महाराजांनी विसावा घेतला, म्हणून तो विश्रामगड झाला. तो अकोले तालुक्यात, म्हणजे आमच्या घाटमाथ्यापलीकडेच आहे.

हेरगिरीचे शास्त्र आपल्या देशी प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापस, व्यापारी, गृहस्थ अशा वेषांतील हेर सांगितले आहेत. त्यांनी एकमेकांस ओळखू नये व तिघांची वार्ता जुळली तरच ती खरी मानावी, असा दंडक आहे. हा ग्रंथ कित्येक शतके अज्ञातवासात राहून १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. बहिर्जी फकीर, गोसावी अशी सोंगे घेत, असे लोकपरंपरा सांगते. पोथीतील शास्त्र आणि रानवाटांतील अनुभव येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

सांगली जिल्ह्यातील भूपाळगडावर, म्हणजे बाणूरगडावर, त्यांची समाधी दाखवितात. त्यांस आपले म्हणणाऱ्या ज्ञाती अनेक आहेत. आम्ही त्या वादात शिरू इच्छीत नाही. ज्याने स्वतःचे नाव व वेष लपवून राज्य राखले, त्यास एका ज्ञातीच्या कुंपणात कोंडणे आम्हांस उचित वाटत नाही.

तलवारीची कीर्ती गाइली जाते. वार्ता आणणारा मात्र अंधारातच राहतो. आमच्या तरुणांनी माहुली चढताना त्या अंधारातील माणसांचेही स्मरण करावे आणि ऐकलेली गोष्ट पारखल्यावाचून पुढे सांगू नये, एवढीच आमची नम्र विनंती.